आरसा न बघणारी

माझं केस कापायचं दुकान आहे. तीन खुर्च्या, तीन आरसे, आणि मधल्या आरशावर कायमचा एक निळा पडदा. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, आरसा फुटलाय का? मी म्हणते, आरसा ठणठणीत आहे, ती बघत नाही एवढंच. मग ते गिऱ्हाईक बिचकून माझ्या खुर्चीकडे सरकतं, आणि काही महिन्यांनी तेच गिऱ्हाईक मला टाळून तिच्यासाठी बाकावर ताटकळत बसतं. मेल्यांना जराही लाज नाही.

ती माझ्याकडे कामाला आली तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं. "ताई, मी आरशात बघत नाही. चालत असेल तर ठेवा." मी म्हटलं, अगं बाई, इथे भिंतभर आरसे आहेत, तू काय डोळे मिटून कात्री चालवणार? तर म्हणे, मी समोर बसून कापते. आणि खरंच, एक बुटकं स्टूल घेऊन ती गिऱ्हाइकाच्या पुढ्यात बसली. आम्ही बाकीच्या जणी मागे उभ्या राहतो आणि आरशातल्या माणसाशी बोलतो. ती माणसाशी बोलायची. कानांपुढच्या दोन बटा चिमटीत धरून हनुवटीपर्यंत ओढायच्या, दोन्हींची टोकं जुळली की काम झालं. पडदा बाजूला करायचा नाही. शेवटी ती स्वतःच सांगायची, "मागे जरा जास्तच कमी झालेत, मान उघडी पडलीय. पण तुमची मान चांगली आहे, दिसू दे." असं तोंडावर सांगितल्यावर माणूस चिडायला हवा की नको? कोणी चिडायचं नाही. उलट येताना दारातूनच विचारायचे, "समोरची आहे का आज?" तिला तेच नाव पडलं.

आता हे आरशाचं खूळ कुठून आलं, तर तिच्या मंडळींकडून. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा हॉल होता. एका मास्तरीणबाईंनी ही मंडळी जमवली होती, निवृत्त झाल्यावर. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपला चेहरा आपल्यासाठी नसतोच, तो समोरच्यासाठी असतो. म्हणून घरात आरसा ठेवायचा नाही. सकाळी घरातल्यांनी एकमेकांसमोर बसायचं आणि एकमेकांचा चेहरा सांगायचा. तू आज थकलेली दिसतेस. तुझ्या कपाळाला पीठ लागलंय. तू खोटं हसतोयस. बस, एवढाच त्यांचा धर्म. रविवारी हॉलमध्ये जमायचं आणि तेच अनोळखी माणसांबरोबर करायचं.

एकदा मीही गेले होते, गंमत म्हणून. माझ्यासमोर एक नळदुरुस्ती करणारे म्हातारे आले. बराच वेळ बघून म्हणाले, "तुम्ही रागीट दिसता, पण रागावलेल्या नाही आहात. तुम्हाला झोप हवी आहे." माझं डोकं फिरलं. घरी येऊन फणफणत जेवले आणि संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपले. नंतर खूप बरं वाटलं, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

तिला मी एकदा विचारलं होतं, "समज, चुकून आरशात बघितलंसच, तर काय होतं?"

"काय व्हायचंय? बघितलं तर बघितलं. शिंक आल्यासारखं."

"आणि कोणी तुझा चेहरा सांगायला आलं आणि तुला नको असेल तर?"

"मग म्हणायचं, आज नको. तो उठून दुसऱ्याकडे जातो."

मला हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी दिवसातून पन्नासदा आरशात बघते आणि मरेपर्यंत बघणार. पण शिंकेइतकंच ज्याचं भय, त्यावर भांडायचं काय? तिचा भाऊ मात्र भांडायचा. तो गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे आरशाबद्दल त्याचं मत फार कडक. "आरशाशिवाय गाडीसुद्धा मागे घेता येत नाही, आणि ही आयुष्य काढायला निघालीय," असं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. तिने नवी जागा घेतली तेव्हा हा पठ्ठ्या चौकटीचा भलामोठा आरसा घेऊन गेला आणि स्वतःच्या हाताने खिळा ठोकून टांगून आला. तिने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर मुलीच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलं. वर्षानुवर्षं बहीणभावात हाच एक विषय. ती आनंदात आहे का, नवरा कसा वागतो, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला आरसाच खुपायचा.

मग मास्तरीणबाई वारल्या.

त्यांच्या जागी जो आला तो आधी चष्म्याच्या दुकानात विक्रेता होता. माणसाच्या तोंडाकडे बघून त्याला काय ऐकायचंय ते ओळखण्यात पटाईत. चेहरा सांगायचं त्याने इतकं गोड जमवलं की लोक त्याच्याचकडे रांग लावू लागले. मग तो म्हणाला, दहा जणांनी दहा तऱ्हेने सांगितलेला चेहरा खरा कसा असेल? एकानेच वाचावा. त्याला सगळे वाचक म्हणू लागले. वाचक सगळ्यांचे चेहरे वाचायचा. वाचकाचा कोणी वाचायचा नाही.

मला हे ती स्वतःच सांगायची, डोळे चमकत असायचे. "ताई, ते खूप खोल बघतात." मला त्यात वावगं दिसलं नाही. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती डब्याच्या वेळी. आम्ही दोघी मागच्या मोरीजवळच्या खोलीत एकत्र जेवायचो. एक दिवस ती आपला डबा घेऊन जिन्यात जाऊन बसली. मी विचारलं तर खाली बघत म्हणाली, "वाचक म्हणतात, तुमच्याबरोबर जेवून माझा चेहरा मळतो."

"माझ्या डब्यात काय डांबर असतं का गं?"

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसायची ती.

हळूहळू बाकीचंही कळत गेलं. भावाकडे जायचं तर आधी विचारायचं. रजा घ्यायची तर विचारायचं. काही कुटुंबं घरं सोडून हॉलमागच्या खोल्यांत राहायला गेली होती, आणि तिचा नवराही तिकडेच चला म्हणून मागे लागला होता. मी तिला पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला, "आणि 'आज नको' म्हटलंस तर?"

ती केस झाडत होती, झाडतच राहिली. जमिनीवर एक केस उरला नाही तरी झाडू चालूच.

"असं आता म्हणत नाहीत ताई. जो असं म्हणतो त्याला काहीतरी लपवायचं असतं."

त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. आरसा तर तेव्हाही झाकलेला होता, आताही झाकलेलाच. माझं घोडं अडलं होतं ते त्या दोन शब्दांपाशी. पण तिला समजावायला गेले की ती आरसा न बघण्यावर टीका ऐकल्यासारखी आखडून जायची. भावाने इतकी वर्षं त्या एकाच गोष्टीवर घण घातले होते की आता दुसरं काही बोललं तरी तिला तेच ऐकू यायचं.

तिची मुलगी तेव्हा चौथीत होती. बडबडी, दात पडलेली, शाळा सुटली की दुकानात येऊन गिऱ्हाइकांचे चेहरे सांगत बसणारी. तिचा जन्मच त्या मंडळींतला, त्यामुळे तिला हे 'राम राम' म्हणण्याइतकं साधं. एका रविवारी हॉलमध्ये वाचक एकेकाचा चेहरा वाचत होता. ही उठली, त्याच्यासमोर जाऊन बसली, आणि मास्तरीणबाईंनी शिकवलं होतं तसं नीट बघून म्हणाली, "काका, तुम्ही आज घाबरलेले दिसता."

झालं. दुसऱ्या कुठल्याही घरात पोर असं बोललं असतं तर लोक हसले असते. तिथे हॉलमध्ये सगळे वाचकाकडे बघायला लागले. वाचक सगळ्यांना म्हणाला, या मुलीच्या चेहऱ्यावर सावली आहे. तो आता झाकलेला समजा.

झाकलेला म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. त्या माणसाच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही. बोलायचं, वाढायचं, हाताला धरून रस्ता ओलांडायचा, पण नजर खाली. मोठ्यांना ही शिक्षा एक-दोन दिवसांची असायची. मुलीची संपेचना. बाप तिच्याशी बोलताना तिच्या बुटांकडे बघायचा. आणि आई, माझी ही समोरची, जी परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून त्याच्या बटा जुळवायची, ती स्वतःच्या पोरीची वेणी मागे उभी राहून घालायला लागली.

मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की मुलगी गप्प झालीय. शाळेतून यायची आणि कोपऱ्यात बसायची. एका दुपारी दुकान रिकामं होतं, आई टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेली होती. मी बघते तर मुलगी मधल्या खुर्चीवर चढलेली, निळा पडदा बाजूला केलेला, आणि नाक आरशाला टेकलेलं. मला वाटलं, पोरगी आता धीट झाली, बघू दे. मी काही बोलले नाही. तर तिनेच आरशातून माझ्याकडे बघून विचारलं,

"मावशी, मी दिसते का?"

मी म्हटलं, "दिसतेस की. न दिसायला काय झालंय?"

"तसं नाही. तुला दिसते का?"

मी तिला मांडीवर घेतलं आणि तिने सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. शाळेत बाईंनी हजेरी घेताना नाव पुकारलं तरी ती 'हजर' म्हणत नाही, असंही सांगितलं. का, तर तिला खात्री नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गच्चीवर जाऊन मी तिच्या आईला वाटेल ते बोलले. आई आहेस का कोण आहेस, असंही बोलले. ती ओल्या टॉवेलांमध्ये उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी बघितलं तर सावली वाढेल ताई. ते म्हणालेत, उजळेल. थोडे दिवस."

"आणि नाही उजळली तर?"

तेव्हा तिने सांगितलं. येत्या रविवारी मुलीला हॉलमागच्या खोलीत वाचकाच्या स्वाधीन करायचं होतं. चेहरा उजळेपर्यंत ती तिथेच राहणार, आईबापांनी भेटायचं नाही. नवऱ्याने होकार दिला होता. मुलीची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती त्याने.

मी घाईघाईने भावाला बोलावलं. म्हटलं, कसाही असला तरी रक्ताचा आहे, काहीतरी करेल. त्याने काय करावं? दुकानात आला, माझ्या टेबलावरचा हातआरसा उचलला, बहिणीचं मनगट धरलं आणि आरसा तिच्या तोंडासमोर नाचवायला लागला. "बघ. एकदा बघ. एकदा बघितलंस की सगळं भूत उतरेल. बघ म्हणतो ना." तिने डोळे घट्ट मिटले. तो मनगट सोडेना. ती मान फिरवेल तिकडे हा आरसा नेतोय. मुलगी बाकाखाली जाऊन बसली.

मी त्याच्या हातातून आरसा हिसकावला. "तू आणि तो चष्मेवाला, दोघांनाही हिचं तोंड धरायचंय. त्याला स्वतःकडे वळवायचंय, तुला आरशाकडे. चालता हो इथून."

"मी तिच्या भल्यासाठी..."

"तोही हेच म्हणतो."

तो तणतणत गेला. ती खुर्चीत बसून मनगट चोळत होती. म्हणाली, "आरशात न बघणं माझं आहे ताई. ते मला कोणी लावलेलं नाही. मला आवडतं ते."

"मी कुठे नको म्हणतेय? जन्मभर बघू नकोस. मी पडद्याला नवी दोरी लावून देते. पण पोरीकडे न बघणं, तेही तुझंच आहे का?"

बाकाखालून मुलीचे बूट दिसत होते. ती त्या बुटांकडे बघत राहिली.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिने बोलावलं नव्हतं, मी गेले. छापखाना बंद होता, जिन्यात शाईचा वास होता. वर पुष्कळ माणसं होती, पण पूर्वीसारखी जोडीजोडीने समोरासमोर नाही, सगळी एकाच दिशेला तोंड करून बसलेली. मी दारापाशी उभी राहिले. नवरा पुढे बसला होता, मुलीची पिशवी मांडीवर घेऊन. तो गोदामात माल वाहायची गाडी चालवतो, धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी पिशवीमागे लपल्यासारखा बसला होता. ती आणि मुलगी त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

वाचक आवाजाने फार मऊ होता. मला वाटलं होतं राक्षस असेल. स्वेटर घातलेला साधा माणूस. तो म्हणाला, "मुलीला इकडे आणा."

ती उठली. मुलीचा हात तिच्या हातात होता.

"आज नको," ती म्हणाली.

कोणीतरी खोकलं. वाचक हसून म्हणाला, हे शब्द आपण सोडले आहेत, तुला आठवतंय ना?

"मला आठवतात. आज नको. उद्याही नको."

मग ती तिथेच, सगळ्यांदेखत, मुलीच्या पुढ्यात जमिनीवर बसली. दुकानात बसते तशीच. मुलीची हनुवटी वर केली आणि बघितलं. इतक्या दिवसांनी बघत होती, त्यामुळे वेळ लागला.

"डोळ्यांखाली काळं आलंय," ती म्हणाली. "गाल उतरलेत. पुढचा दात अर्धा आलाय, तो मी बघितलाच नव्हता. ओठ फुटलाय, तू चावतेस. नाक माझं आहे. घाबरलेली दिसतेस. आणि सावली कुठेही नाही. मी नीट बघितलंय."

वाचक म्हणाला, "तू स्वतःला फसवते आहेस. तुझा चेहरा मला दिसतोय."

"तुमचाही मला दिसतोय," ती म्हणाली. "सांगू?"

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. सगळ्यांनी ते बघितलं. पण कोणी उठलं नाही. मला वाटलं होतं, आता सगळे उठतील. तसं काही होत नसतं. ते नळदुरुस्तीवाले म्हातारे तेवढे मान वर करून मुलीकडे बघत होते, बाकी सगळ्यांच्या माना खाली. तिने नवऱ्यापुढे हात केला. त्याने हातात हात न देता पिशवी दिली. ती पिशवी घेऊन बाहेर आली.

दोघी आता दुकानामागच्या खोलीत राहतात. भाऊ मिठाई घेऊन आला, म्हणाला, मग आता आरसा लावूया ना? तिने नाही म्हटलं. "म्हणजे सुटलीच नाहीस तू," तो म्हणाला, आणि अजून तेच म्हणतो. मी त्याच्याशी वाद घालायचं सोडलंय. निळा पडदा आहे तिथेच आहे. सकाळी मायलेकी मोरीपाशी समोरासमोर बसतात, एकमेकींचा चेहरा सांगतात, आणि मुलगी अधूनमधून ठसक्यात "आज नको" म्हणते, म्हणता येतं म्हणून.

नवरा तिकडेच राहिला, हॉलमागच्या खोलीत. मला वाटलं, तो विषय संपला. पण एक दिवस गोदामातून परतताना तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. नजर स्वतःच्या बुटांवर. मी त्याला हाकलायला निघाले, तर तिने मला अडवलं. हातातल्या गिऱ्हाइकाच्या बटा न सोडता म्हणाली, "राहू द्या ताई. तिथे कोणी त्याला खरं सांगत नसेल."

मुलगी बाहेर गेली. त्याच्यासमोर उभी राहून, मान वर करून तिने त्याचा चेहरा सांगितला. दाढी वाढलीय. गालावर काहीतरी लागलंय, तेल असेल. डोळे लाल आहेत. तुम्ही नीट झोपत नाही बाबा. तो सगळं ऐकून घेत होता, खाली बघत. हाताने गालावरचं तेल पुसलं. मग वळला आणि निघून गेला.

मुलगी आत येऊन खुर्चीपाशी उभी राहिली.

"त्यांनी माझा सांगितलाच नाही," ती म्हणाली.

आईने कात्री खाली ठेवली. "ये, मी सांगते."

"तू नको. तू रोज सांगतेस," मुलगी म्हणाली, आणि काचेच्या दारातून तो गेला त्या दिशेला बघत राहिली. "ते परत आले की मी पुन्हा जाईन."

तो दर आठवड्याला येतो. ती दर आठवड्याला जाते. त्याने अजून मान वर केलेली नाही.